छकुलीचं बाहेरून बी.ए.

१३ जुलै, रविवार

निर्णय झाला. छकुली बाहेरून बी.ए. करणार. दूरशिक्षण. घरी राहून. वाद संपला.

म्हणजे माझ्याकडून संपला. पुष्पांजली सकाळपासून भांडी जरा जोरातच ठेवते आहे. तिचं म्हणणं, पोरगी सायन्सची, बारावीले एवढे मार्क, जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या यादीत नाव आलं, होस्टेल मिळून राह्यलं, आन् तुम्ही तिले दुसरबीडात काऊन बसवून ठेवता. बायकोचा आवाज चढला की मी उलट शांत होतो. शांतपणे कारणं सांगितली. होस्टेलचं जेवण. एस.टी.चे हाल. जमाना. आमच्या मोटर-पाइपच्या दुकानाचं व्हॉट्सअ‍ॅप कोण पाहणार, हे मनातच ठेवलं.

छकुली, म्हणजे आमची प्रतीक्षा, उठून वर गेली. समजूतदार आहे. दिवसभर गच्चीवर बसून होती. जेवायलाही आली नाही. उपास असेल.

संध्याकाळी मेहकरहून मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे, किसनराव. कोणी फोन केला ते विचारायची गरज नाही. मामा म्हणे, जावईबापू, पोरीले कोंडून ठेवता का. मला राग आला. रागात माझं डोकं फार चांगलं चालतं. मी म्हणालो, बी.ए.च्या प्रवेशाची शेवटची तारीख २५ ऑगस्ट. तोवर छकुलीचं नाव मी स्वतः, माझ्या हातानं, ऑनलाइन लावतो. नाही लागलं तर मी स्वतः तिला जालन्याला सोडून येतो. मामा म्हणे, शब्द? मी म्हणालो, शब्द.

पंधरा मिनिटांचं काम आहे. बोअरमध्ये अडकलेली मोटर वर काढणाऱ्या माणसाला पोर्टल म्हणजे काय.

१४ जुलै, सोमवार

पोर्टल उघडलं. चांगलं आहे. वर पुस्तकं छातीशी धरून हसणाऱ्या मुली. छकुलीला दाखवल्या. ती हसली नाही.

एक नियम केला. छकुलीने या कामाला हात लावायचा नाही. एरवी फोनचं सगळं तीच बघते. दुकानाचे रेट टाकणं, कंपनीला ऑर्डर, कोणाची पाइपलाइन कुठे फुटली त्याचे फोटो. पण सध्या तिचं मन जालन्यात आहे. मुद्दाम एखादं अक्षर चुकवेल. तेव्हा सगळं मीच करणार. तिने फक्त फोन चार्जिंगला लावायचा.

कॅप्चा म्हणून वाकडी अक्षरं येतात. ती ओळखून लिहायची. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा म्हणे. बराच वेळ सिद्ध झालं नाही. एक गिऱ्हाईक फुटव्हॉल्व्ह न्यायला आलं होतं, त्याला वाचायला दिलं. त्याचंही सिद्ध झालं नाही. दोघांनी चहा घेतला.

उद्या.

१७ जुलै, गुरुवार

छकुलीचा आधार नंबर टाकला. ओटीपी पाठवला असं आलं. घरातले सगळे फोन टेबलावर मांडून बसलो. एकही वाजला नाही.

पुष्पांजली म्हणे, तिच्या आधारले मोबाइल नंबरच जोडेल नाही. शाळेत कॅम्प होता, तवा तुम्हीच म्हणले होते, पोरीच्या आधारले मोबाइल कायले पाह्यजे. मला आठवत नाही. पण त्या वेळच्या परिस्थितीत योग्यच म्हणालो असणार.

नंबर जोडायला देऊळगाव राजाला गेलो. एकटाच गेलो. तिथे गेल्यावर कळलं की छकुलीचा अंगठा लागतो. शिवाय मशीन बंद होतं, म्हणजे तिला नेली असती तरी उपयोग नव्हता. बालाजीचं दर्शन घेऊन परत आलो.

२० जुलै, रविवार

मार्ग सापडला. माझं आधार टाकलं.

ओटीपी लगेच आला. नाव, पत्ता, सगळं आपोआप भरून आलं. इंद्रभान पंजाबराव वायाळ. जन्मतारीख १ जून. आमच्या वर्गात सगळ्यांचीच १ जून आहे, गुरुजींना तोच दिवस सोयीचा होता.

क्षणभर वाटलं, काहीतरी चुकतंय. मग रेशन कार्ड आठवलं. रेशन कार्डावर सगळ्यात वर कोणाचं नाव असतं? कुटुंबप्रमुखाचं. मग खाली एकेक माणूस. लाइटचं मीटर माझ्या नावावर आहे, गॅस माझ्या नावावर आहे, म्हणून भाकरी काय मी एकटाच खातो का. हेही तसंच. आधी कर्ता माणूस, मग पुढच्या पानावर कुठेतरी 'सदस्य जोडा' येईल. तिथे छकुली.

सरकारी डोकं कसं चालतं ते एकदा कळलं की काही अवघड नाही. पुष्पांजलीला समजावून सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला पहिल्यांदाच माझं कौतुक वाटलं असावं.

२६ जुलै, शनिवार

'सदस्य जोडा' अजून आलेलं नाही. मध्ये बरंच विचारतात. लिंग पुरुष, ते आपोआप आलं. वैवाहिक स्थिती विवाहित. बरोबर आहे, आईबाप नांदतात का हे बघत असतील. व्यवसाय: स्वतःचा. अपंगत्व आहे का: नाही. पुष्पांजली शेजारी उभी होती, ती म्हणे, पुन्हा एकदा विचार करून लिहा.

एवढ्यात लाइट गेली. आली तेव्हा सेशन संपलं असा निरोप. भरलेलं सगळं पुसून गेलं होतं. मी फोन गादीवर आपटला. गादीवर, म्हणजे ताबा सुटलेला नव्हता.

छकुलीने बाहेरून विचारलं, पप्पा, मी भरून देऊ का. मी म्हणालो, तुझी हुशारी मला माहीत आहे. ती म्हणे, बरं.

बरं म्हणताना तिचा आवाज बारीक झाला होता. जालन्याच्या कॉलेजची शेवटची फेरी ३० ऑगस्टपर्यंत आहे, हे तिने कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवलेलं दिसलं. मी पुसलं नाही. आपण काही क्रूर माणूस नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

फोटो हवा. मी आधी छकुलीचा फोटो टाकला होता. आधारवरील चेहऱ्याशी जुळत नाही म्हणे. कुटुंबप्रमुखाचाच लागतो तर.

फोटो मात्र छकुलीने काढला. फोटोला हात लावू द्यायला हरकत नव्हती, त्यात अक्षरं नसतात. तिने आधी विचारलं, पप्पा, हा फोटो नेमका कोणत्या रकान्यात टाकायचा आहे. मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. वर जाऊन पुन्हा वाचलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हणालो, सूचना नकोत. तिने तोंड मिटलं.

मग एकदम कामालाच लागली. भिंतीला पांढरी चादर लावली. मला निळा शर्ट घालायला लावला, वरचं बटण लावलं, केसांना पाणी लावून भांग पाडून दिला. सरळ बघा म्हणे, हसू नका. मी हसलो नाही, तीच हसायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली पोरगी. आईला हाक मारून फोटो दाखवला. दोघी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हसत होत्या.

घराचं वातावरण निवळलं. मी म्हणत होतोच, पोरीला आतून हेच हवं आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

छकुलीची बारावीची मार्कशीट जोडली. लाल अक्षरं आली. नाव जुळत नाही, आधारवरील नावाचीच मार्कशीट जोडा.

आता साध्या माणसाचा इथे गोंधळ झाला असता. मी विचार केला. पोरगी घरी राहून शिकणार. म्हणजे घरात शिकलेलं माणूस आहे का, हे विद्यापीठाने बघायला नको का? उत्तम धोरण आहे. पत्र्याच्या पेटीतून माझी बारावीची मार्कशीट शोधून काढली. जोडली. हिरवी खूण आली. त्या कागदाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी बरोबर म्हटलं. खरं सांगायचं तर थोडं भरून आलं.

छकुलीने मार्कशीट हातात घेऊन पाहिली. म्हणे, पप्पा, इंग्रजीत पस्तीस? मी म्हणालो, त्या काळी पेपर फार कडक तपासायचे.

११ ऑगस्ट, सोमवार

सहीची फाइल मोठी होते म्हणे. सही बारीक करून पाहिली. तरी मोठीच. शेवटी नाइलाजाने गोकुळच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. गोकुळ सगळ्या गावाचे अर्ज भरतो आणि सगळ्या गावाची चौकशीही करतो.

त्याने सही बसवून दिली. मग स्क्रीनकडे बघून म्हणे, इंद्रभानभाऊ, छकुलीचं अ‍ॅडमिशन करून राह्यले ना तुम्ही, मंग हे तुमचंच... मी त्याला तिथेच थांबवलं. मी म्हणालो, गोकुळ, तुला सहीपुरतं बोलावलं आहे. रेशन कार्ड पाहिलं आहेस का कधी? तो म्हणे, हाव, रोजच पाह्यतो. मी म्हणालो, मग झालं. त्याने खांदे उडवले, म्हणे, तुम्ही म्हणता तर तसं.

असल्या माणसांमुळे गावाची प्रगती होत नाही. पुन्हा त्याच्याकडे जाणार नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून आलो आणि विषय निवडले. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. छकुलीला विचारायला हवं होतं, पण ती केमिस्ट्री म्हणाली असती. इतिहास मला पहिल्यापासून आवडतो. राज्यशास्त्रही, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून.

पुष्पांजली आज म्हणे, तुम्हाले आवडते ना, मंग झालं. किती बदलली आहे बाई.

१९ ऑगस्ट, मंगळवार

फी भरली. शेवटचं पान आलं. एकदा सबमिट केल्यावर नाव, विषय व इतर माहिती बदलता येणार नाही, प्रवेश रद्द करता येणार नाही. शेजारी चौकोन. मान्य असल्यास खूण करा.

हे मला फार आवडलं. काम कसं पक्कं हवं. उद्या मामांनी हातपाय आपटले, पोरीने रडून गोंधळ घातला, तरी सुटका नाही. खूण केली. सबमिट.

'सदस्य जोडा' शेवटपर्यंत आलं नाही. मंजुरीनंतर येत असेल. जाऊ दे.

रात्री जेवताना छकुलीकडे पाहिलं. अजून तीन वर्षं ही इथेच, समोर, अशीच ताटाला ताट लावून बसणार. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

झालं. जिंकलो. सकाळीच मेसेज आला. प्रिय इंद्रभान वायाळ, आपला प्रवेश निश्चित झाला आहे. बापाचं नाव घेऊन अभिनंदन करतात, ही रीत चांगली आहे.

पोळा भरला तिथे सगळ्यांना पेढे वाटले, मेसेज दाखवला. लोकांनी हात मिळवले. एकाने विचारलं, या वयात? मी म्हणालो, अठराव्या वर्षी नाही तर कधी. तो गोंधळला. बैलांच्या गर्दीत माणसाला ऐकू कमी येतं.

घरी आलो तर छकुली कपाटातले कपडे काढून घड्या घालत होती. तोंडाने गुणगुणत होती. पलंगावर नवी मोठी बॅग. मी म्हणालो, अभ्यासकेंद्रात महिन्यातून एकदा जायचं तर एवढी बॅग कशाला. ती म्हणे, पुस्तकं असतात ना पप्पा. बरोबर आहे. तिने नमस्कार केला. मी पाठीवर हात ठेवला. पुरणपोळी फार चांगली झाली होती.

मामांना फोन केला. म्हणालो, या, पावती बघायला या.

२४ ऑगस्ट, रविवार

मामा आले.

पावती मीच दिली त्यांच्या हातात. जाणार नव्हतो, तरी गोकुळकडूनच मुद्दाम रंगीत छापून आणली होती. मामांनी चष्मा लावला. मोठ्याने वाचायची त्यांची सवय आहे. विद्यार्थ्याचे नाव: इंद्रभान पंजाबराव वायाळ. वर्ग: प्रथम वर्ष बी.ए. लिंग: पुरुष.

मामांनी पावती उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं. मामा म्हणे, जावईबापू, याच्यात छकुली कुठी हाय?

मी रेशन कार्डाचं सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर थांबलो. फोटो माझा, सही माझी, मार्कशीट माझी, इंग्रजीत पस्तीस. 

छकुलीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणे, हो, फोटो काढला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? तिने मामांच्या हातातली पावती घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणे, सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं पप्पा.

आवाज चढवला नाही. रडतही नव्हती. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली. ही पोरगी इथून सुटायला एवढी आसुसली होती, हे मला त्या क्षणापर्यंत खरंच दिसलं नव्हतं.

मामा म्हणे, शब्द. बाकी काही नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

अजून दिवस बाकी आहे. माणसाने शेवटपर्यंत हिंमत सोडू नये.

सकाळी: हेल्पलाइन. आपण रांगेत आहात. बासरी वाजते.

दुपारी: बासरी.

तीन वाजता बाई बोलल्या. मी म्हणालो, प्रवेश चुकून बापाचा झाला, पोरीच्या नावावर करून द्या, सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवतात तसं. बाई म्हणाल्या, सर, तुम्ही अटी वाचून मान्य केल्या आहेत. मी म्हणालो, मग रद्द तरी करा. त्या म्हणाल्या, तेही अटीत आहे सर. आवाज गोड होता. शेवटी म्हणाल्या, अभ्यासासाठी शुभेच्छा.

छकुलीचा नवा अर्ज भरायला घेतला. तिच्या आधारला नंबर नाही, ओटीपी येत नाही. रेशन कार्डाच्या नादात ते काम राहूनच गेलं होतं. संध्याकाळी पोर्टल बंद झालं. त्या हसणाऱ्या मुलीही गेल्या.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले, आज छकुलीला सोडून आलो.

सकाळच्या एस.टी.ने निघालो. सिंदखेड राजापर्यंत मी तिची बॅग मांडीवर धरून बसलो. नंतर बोललो ते एवढंच, की खिडकी लाव, वारं लागेल. तिने लावली. लावायची नव्हती तिला, तरी लावली.

होस्टेल वाईट आहे असं लिहायचं ठरवून गेलो होतो. वाईट नाही. स्वच्छ आहे. खोलीत आणखी दोघी, एक मंठ्याकडची, एक परतूरची. दहा मिनिटांत तिघींची अशी गट्टी जमली की मी दारात बॅग धरून उभा आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं. ती एवढी बोलते हे मला माहीत नव्हतं. घरी तर एवढी बोलत नाही.

निघताना म्हणे, पप्पा, दुकानाचे मेसेज मी इथून बघत जाईन. तेव्हा रडलो. गेटवरच रडलो. वॉचमनने स्टूल दिलं. ही कारणं मी उगाच सांगत होतो, जेवण आणि जमाना. ती नसली की मला घरात कोणी नाही असं वाटतं, एवढंच होतं.

हे पान फाडून टाकायचं.

७ सप्टेंबर, रविवार

पुस्तकांचं पार्सल आलं. जड आहे. छकुलीच्या रिकाम्या टेबलावर ठेवलं.

निर्णय: जायचं नाही, वाचायचं नाही, परीक्षा द्यायची नाही. तीन वर्षांत आपोआप सुटका.

पुष्पांजलीला सांगितलं. ती म्हणे, सुटका कशी होईन, पेपर राह्यले तर पुढच्या साली अजून द्या लागतात, मी छकुलीले विचारलं. नोंदणी मोप दिवस चालते म्हणे. गावभर पेढे तुम्हीच वाटले, आता मले लोक विचारून राह्यले, साहेबाचा अभ्यास कसा चालला. दुकानात गिऱ्हाईक नट मागायच्या आधी राज्यशास्त्र विचारतं. गोकुळने येऊन हात जोडले. नुसते हात जोडले.

रोज संध्याकाळी छकुलीचा फोन येतो. आधी प्रॅक्टिकलचं सांगते, मग विचारते, पप्पा, पहिला धडा झाला का. मी म्हणतो, लाइट नव्हती. ती म्हणते, दिवसा वाचत जा मग. आवाज थेट तिच्या आजोबांसारखा झाला आहे.

नवा निर्णय: फक्त पहिल्या वर्गाला जायचं, तोंड दाखवून यायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

देऊळगाव राजा, अभ्यासकेंद्र. निळा शर्ट घालून गेलो. वरचं बटण लावताना वेळ लागला.

वर्गात दोन अंगणवाडीच्या ताई, एक होमगार्ड, एक पोराला मांडीवर घेऊन आलेली सून, आणि मी. बाक लहान. गुडघे बसत नाहीत. एकदा आत शिरलं की शेजारच्याने उठल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि शेजारी होमगार्ड.

सर म्हणाले, एकेकाने उभं राहून नाव सांगा आणि शिकायला का आलात ते सांगा. मी बसमध्ये भाषण तयार केलं होतं. शिक्षणाला वयाची अट नसते, समाजापुढे आदर्श, असं बरंच होतं. ताई म्हणाल्या, प्रमोशनसाठी. होमगार्ड म्हणाला, भरतीसाठी. सून म्हणाली, लग्नात शिक्षण सुटलं होतं म्हणून.

माझी पाळी आली. उभा राहिलो, म्हणजे बाकात जेवढं राहता येतं तेवढा. नाव सांगितलं. पुढचं भाषण आठवेना. तोंडातून निघालं ते असं की, पोरगी जालन्याले शिकायले गेली सर, घरी करमत नाही.

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, बसा. मग त्यांनी फळ्यावर पहिल्या धड्याचं नाव लिहिलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं.